बालाघाटावर झाडे लावावीत की डोंगर राखावा?

बालाघाटकर

आमचे गाव बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात बालाघाटाच्या कड्यावर आहे आणि गावाच्या वरच्या अंगाला साधारण शंभर हेक्टरांचा डोंगर आहे. त्यातला थोडा भाग राखीव वनाचा आणि बाकीचे गायरान. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या गायरानावर तीन वेळा वृक्षलागवड झाली. तिसऱ्या खेपेला नवे खड्डे फारसे खोदावेच लागले नाहीत, कारण आधीच्या दोन खेपांचे खड्डे जागच्या जागी होते, त्यांत झाडे तेवढी नव्हती. लागवड कोणत्या यंत्रणेने केली हे लिहीत नाही, कारण तिच्या जागी दुसरी कोणी असती तरी फार वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. १ जुलै २०१६ रोजी राज्याने एका दिवसात दोन कोटी झाडांचा संकल्प सोडला, पुढे चार कोटी, तेरा कोटी असे करत २०१९ च्या पावसाळ्यात तो आकडा तेहतीस कोटींवर गेला. आमच्या डोंगराच्या वाट्याला त्यातले जे आले, त्याचा हिशेब एवढाच आहे.

आमच्याकडे रोप कसे मरते ते सांगतो. जुलैत पहिल्या दमदार पावसावर ते लागते. ऑगस्टात पाऊस उघडीप देतो, ती कधीकधी तीन आठवडे लांबते, आणि वीतभर मातीखाली मुरूम लागणाऱ्या जमिनीत पिशवीतून निघालेल्या मुळ्यांना तेवढ्या अवधीत ओलीपर्यंत पोहोचता येत नाही. त्यातूनही जे तगते ते दिवाळीपर्यंत हिरवे दिसते आणि फोटोत येते. दिवाळी झाली की गावातले अर्धेअधिक कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे म्हातारी माणसे, शाळेची मुले आणि शेळ्या राहतात. कळशीभर पाणी वर नेऊन घालणारे हात गावात नसतात. माघ-फाल्गुनात कुसळी गवत वाळून खडखडते, कोणाच्या तरी बिडीने किंवा मुद्दाम टाकलेल्या काडीने डोंगर पेटतो, आणि पाडव्याच्या सुमारास माणसे परततात तेव्हा खड्डे शिल्लक असतात.

आता ज्या गोष्टीमुळे हा धागा काढावासा वाटला ती. चार वर्षांपूर्वी डोंगरावर सलग समतल चर खोदत असताना पळसाचा एक फुटवा टिकावाच्या वाटेत आला. वर तो जेमतेम वीतभर होता, तीन-चार पाने आणि शेंड्याला शेळीचे दात लागल्याची खूण. उपटून टाकावा म्हणून आम्ही बाजूची माती उकरली, तर खाली माणसाच्या मांडीएवढी मुळी निघाली. तिच्या डोक्यावर गाठीच गाठी होत्या; काही जळून काळ्या पडलेल्या, काही जनावराने खुडल्यावर वाळलेल्या. ज्यांनी आयुष्यभर त्या डोंगरावर गुरे राखली असे आमचे एक चुलते तेथे बसले होते. ते म्हणाले, हे झाड मी पोरगा होतो तेव्हापासून इथेच आहे आणि एवढेच आहे. दर पावसाळ्यात ते उठते आणि दर उन्हाळ्यात त्याला बसवले जाते.

त्या दिवशी आम्ही काही मंडळींनी डोंगर नव्याने पाहिला. पळस, धावडा, सालई, टेंभुर्णी, हिवर, बोर, आपटा अशी कितीतरी झाडे मातीखाली जिवंत होती आणि आम्ही त्यांच्याच शेजारी खड्डा खोदून त्यात रोपवाटिकेतले गुलमोहर आणि काशिद लावत होतो. वर उभे दिसत होते ते फक्त सीताफळ आणि तरवड, आणि तेही शेळी त्यांना तोंड लावत नाही म्हणून. (बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या मानाचा थोडा वाटा शेळ्यांच्या नावडीलाही द्यायला हवा होता.) ग्रामसभेत बोलून आम्ही त्या डोंगरातला पंधरा एकरांचा तुकडा चराईला बंद केला. कुऱ्हाड बंद, गुरे बंद, विळ्याने गवत कापून डोक्यावर आणायला मोकळीक, एवढाच नियम केला. प्रत्येक बुंध्यावरचे दहा-बारा फोक छाटून सरळ वाढणारे एक-दोन ठेवले. एकही रोप लावले नाही. तो पळस आज माझ्या डोक्याच्या वर गेला आहे.

मला विचारायचे आहे ते असे: मराठवाड्यात इतर कोणी हे केले आहे का, त्यात कोठे अडले, आणि आमच्या हातून काय चुकत असावे?

मुरमाड

आपले लेखन आवडले. एक भाबडा प्रश्न आहे. आमच्याकडे प्रत्येक भाषणात सांगतात की झाडे नाहीत म्हणून मराठवाड्यात पाऊस नाही. डोंगर राखला तर पाऊस वाढेल का?

आडाचे_पाणी

मुरमाड, मी भूजलाच्या क्षेत्रात काम केले आहे, म्हणून या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचे बरेचसे पाणी घाटमाथ्यावर उतरून जाते आणि आपल्याकडे उरलेले येते. ही मांडणी एका तालुक्यातल्या शंभर किंवा हजार हेक्टर रानाने बदलत नाही. झाडांनी पाऊस पडेल असे सांगून लागवड करवली की दुसऱ्याच दुष्काळात लोकांचा झाडांवरचा विश्वास उडतो, हे मी दोनदा पाहिले आहे.

रानाचे खरे काम पाऊस पडल्यानंतर सुरू होते. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. बालाघाटकरांच्या शंभर हेक्टर डोंगरावर वर्षाकाठी सहाशे मिलिमीटर पडला असे धरले तर साठ कोटी लिटर होतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची जी पहिली रेल्वेगाडी आली, तिच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे एका गावाच्या एका डोंगरावर दर वर्षी तशा बाराशे गाड्यांचे पाणी पडते. उघड्या डोंगरावर थेंब मातीवर आपटतो, माती फुटते, तिचे गाळणे बुजते आणि पाणी वगळीने मांजरा-सिंदफणेकडे माती घेऊनच जाते. गवत आणि पाला असला की थेंबाचा मार त्यांच्यावर बसतो, पाणी रेंगाळते आणि मुळ्यांनी केलेल्या वाटांनी मुरमात आणि बेसाल्टच्या भेगांत उतरते. साठ कोटींपैकी दहावा हिस्सा जरी जास्तीचा मुरला तरी तो एकशे वीस गाड्यांइतका होतो, आणि धरणात साचणारा गाळ कमी होतो तो वेगळाच.

एक इशारा मात्र द्यायला हवा. झाडेही पाणी पितात. उथळ मातीच्या, कमी पावसाच्या डोंगरावर निलगिरीसारखी झाडे दाटीने लावली तर विहिरीला पाणी वाढण्याऐवजी घटूही शकते. चौरस मीटरला तीन-चार रोपे लावणारी मियावाकी पद्धत शहरातल्या एखाद्या मोकळ्या भूखंडावर, टँकरचे पाणी घालून, शोभते. बालाघाटाच्या बरडावर ती माझ्या मते पैशांची आणि पाण्याची नासाडी आहे. आपोआप येणारे विरळ रान आणि त्याखालचे गवत हेच त्या मातीला पेलवणारे माप आहे.

माळरानी

आडाचे_पाणी यांच्या शेवटच्या वाक्याला माझे अनुमोदन आहे आणि त्याला जोडून एक तक्रारही आहे. बीड, धाराशिव आणि जालन्यातले पुष्कळसे माळ हे मुळातच गवताळ आहेत. तेथे कधी दाट जंगल होते आणि ते तुटले असे नाही. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल हे त्या माळाचे रहिवासी आहेत आणि झाडांच्या दाटीत त्यांना राहता येत नाही. महसुली कागदात मात्र माळ म्हणजे पडीक, आणि पडीक म्हणजे लागवडीला मोकळा.

आकड्यांचेही तसेच आहे. देशाच्या वन सर्वेक्षणात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांवर वृक्षछत्र असले की ते वनाच्छादन मोजले जाते, मग ती जमीन कोणाची आणि झाड कसले हे पाहिले जात नाही. आंब्याची मोठी बाग त्यात येते आणि उत्तम राखलेला पवन्या गवताचा माळ येत नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशाचा एक तृतीयांश भूभाग वृक्षांखाली असावा असे उद्दिष्ट ठेवले, २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे वनाच्छादन साडेसोळा टक्क्यांच्या आसपास होते आणि लातूर जिल्ह्याचे एक टक्काही भरत नाही. ही तूट भरून काढण्याच्या घाईत सर्वांत आधी बळी जातो तो माळ. बालाघाटकर, आपण गवत कापायला मोकळीक ठेवली हे फार बरे केले. कुसळीच्या जागी मारवेल किंवा पवन्या येऊ लागला आहे का, तेवढे पाहून लिहावे.

किनवटकर

आमच्याकडे गोष्ट उलटी आहे. मराठवाड्यात जंगल म्हणावे असे जे आहे त्यातले मोठे क्षेत्र आमच्या किनवट-माहूरकडे, पैनगंगेच्या अंगाला आहे. साग, मोह, तेंदू, धावडा, चारोळी. पाऊसही तुमच्यापेक्षा पुष्कळ अधिक. त्यामुळे आमच्यापुढचा प्रश्न जंगल आणायचे कसे असा नसून, त्यातून घेत राहूनही ते टिकवायचे कसे असा आहे.

शाश्वत वनव्यवस्थापन हा शब्द कार्यशाळांत फार गुळगुळीत झाला आहे. माझ्या आजीची भाषा सोपी होती: खायची ज्वारी वेगळी आणि बियाण्याची कणगी वेगळी, उपास घडला तरी दुसरीला हात लावायचा नाही. वनखात्याच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या अनेक वर्षांच्या आराखड्यात, तत्त्व तेच असते. जंगलाचे कूप, म्हणजे तोडीचे भाग, पाडलेले असतात, ठरलेल्या वर्षी ठरलेल्या कुपात तोड होते आणि मग त्या कुपाला विश्रांती मिळते. साग तोडला की बुंध्यातून फुटवे येतात. जमिनीलगत तिरपा, गुळगुळीत काप घेतला तर पाणी साचत नाही आणि फुटवा जोमदार येतो, पण कुऱ्हाडीने अर्धवट चेचून कमरेएवढे खोड उभे ठेवले तर ते कुजते. रोपवनात वेळच्या वेळी विरळणी केली नाही तर सगळे साग काठ्यांसारखे उंच आणि बारीक राहतात. चांगल्या जाडीच्या सागाला साठ ते ऐंशी वर्षे लागतात, म्हणजे लावणारा माणूस तोडणाऱ्याला बहुधा पाहत नाही. चोरट्या तोडीने मोडते ते नेमके हेच वेळापत्रक.

आगीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिच्याकडे बाहेरची माणसे निव्वळ बेपर्वाई म्हणून पाहतात. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. वाळक्या पाल्यात ती दिसत नाहीत म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि वारा सुटला की ती आग पुढे जाते. तेंदूचे तसेच आहे: आग फिरली की मुळ्यांतून कोवळी, मोठी पाने येतात असा समज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे आणि तो खोटाही नाही. सत्तर पानांचा एक पुडा, असे हजार पुडे झाले की एक गोणी, आणि त्या हंगामातल्या पैशांवर आमच्याकडच्या गोंड, आंध, कोलाम कुटुंबांचा पावसाळ्याचा खर्च निघतो. त्यांना नुसते “आग लावू नका” असे फलकावर लिहून सांगणे मला लाज वाटण्यासारखे वाटते. तेंदूची झुडपे विळ्याने छाटून काढली, ज्याला खुटकटाई म्हणतात, तर आगीशिवायही तशीच पाने येतात. मोहाखाली पाला खराट्याने लोटून घेतला किंवा जुन्या साड्या अंथरल्या तर फुले स्वच्छ मिळतात आणि व्यापारी माती लागली म्हणून भाव पाडत नाही. मात्र यासाठी मजुरीचे दिवस लागतात, आणि ते दिवस कोणी मोजून देत असेल तरच हे चालते. आमच्या शेजारच्या पाड्यावर दोन उन्हाळे साड्या अंथरल्या गेल्या. तिसऱ्या वर्षी मजुरी वेळेवर आली नाही आणि काडी पुन्हा निघाली.

वाडा_हलला

मी या धाग्यावर थोडा रागाने लिहीत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. आमचे घर मेंढरांवर चालले, माझे शिक्षण मेंढरांवर झाले. वरच्या सर्व लेखनात शेळी आणि मेंढी ही जणू डोंगराला लागलेली कीड आहे. बालाघाटकर, आपण पंधरा एकर बंद केले. उद्या शेजारचे गाव वीस एकर बंद करील, वनखात्याचा भाग आधीच बंद आहे, आणि उरलेल्या गायरानावर अतिक्रमणे व सौर प्रकल्प. ज्याच्याकडे बांध आहे तो कडबा घालील. ज्याच्याकडे गुंठाही नाही त्याने जनावर कोठे न्यायचे? आपल्या ग्रामसभेत त्या दिवशी शेळ्या राखणाऱ्या किती बाया होत्या?

बालाघाटकर

आपला राग रास्त आहे आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला खाली मान घालूनच द्यावे लागेल: एकही नव्हती. पहिल्या वर्षी आमचे काटेरी कुंपण दोनदा मोडले गेले आणि आम्ही चोर शोधत बसलो. जिने मोडले ती माझ्याच भावकीतली एक विधवा काकू निघाली. तिच्या सहा शेळ्या होत्या, त्यांच्यावर तिचे मीठ-मिरची चालत असे आणि तिचा जुना रस्ता आम्ही अडवला होता.

त्यानंतर नियम बदलला. आता गायरानाचे तीन भाग केले आहेत. एक पूर्ण बंद, दोन खुले, आणि बंद भागातली झाडे शेळीच्या तोंडाच्या वर गेली की तो खुला करून दुसरा बंद करायचा असे ठरले आहे. बंद भागातले गवत पहिले तीन आठवडे फक्त भूमिहीन घरांनी कापायचे. राखणदारीचे मानधन गावाने त्या काकूंनाच दिले आहे आणि त्यांच्यासारखा कडक राखणदार मी पाहिलेला नाही. माझा स्वतःचा बैल त्यांनी एकदा कोंडवाड्यात घातला. पहिला भाग यंदाच्या पावसाळ्यानंतर उघडायचा आहे आणि तो खरोखर उघडला जाईल की “झाडे चांगली आली आहेत, राहू द्या” असे म्हणून आम्ही शब्द फिरवू, याची मला धास्ती आहे. माळरानी, आपल्या प्रश्नाचे उत्तर: पहिल्या वर्षी सगळी कुसळीच होती, आता चरांच्या कडेने मारवेल दिसते, पवन्या अद्याप नाही.

लातूरची_लेक

आमच्या गावाला राखायला डोंगरच नाही, म्हणून बांधाबद्दल लिहिते. माझ्या लहानपणी आमच्या शेताच्या बांधावर अकरा बाभळी होत्या. त्या आमच्या वृक्षप्रेमामुळे नव्हत्या. कुळवाचा दिंड, गाडीची धाव बसवायचे चाक, विळ्या-कोयत्याचे दांडे सगळे बाभळीचे लागत असे, म्हणून वडील एक तोडली की एक फुटवा राखत. औत लोखंडी झाले, बैल गेले, ट्रॅक्टर वळायला बांध आडवा येऊ लागला, आणि अकराच्या अकरा बाभळी एका वर्षात वीटभट्टीला गेल्या. वडिलांना कोणी फसवले नाही. बाभूळ त्यांच्या कामाची राहिली नव्हती, एवढेच.

म्हणून बांधावर झाड हवे असेल तर ते पुन्हा कोणाच्या तरी कामाचे व्हावे लागेल. २०१७ साली भारतीय वन अधिनियमातल्या वृक्षाच्या व्याख्येतून वनाबाहेरचा बांबू वगळला गेला आणि शेतातला बांबू तोडायला-न्यायला सोपा झाला. आमच्याकडे बांबू लावणारे त्यानंतर वाढले. शिवाय बांधाची झाडे माणसाच्याच कामाची असतात असे नाही. २०२४ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला आणि तो यवतमाळच्या टिपेश्वरचा निघाला. जेमतेम बावीस चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्यापर्यंत तो आला कोठून, तर ओढ्याकाठची झाडी, ऊस, तूर आणि बांधांच्या आडोशाने. त्या वाटेवर आमच्यासारख्यांची किती शेते लागली असतील!

मुरमाड

पुन्हा एक प्रश्न. बालाघाटकरांनी जे केले त्याला कायद्याचा आधार आहे का? उद्या सरकारने ते गायरान कोणाला दिले तर?

किनवटकर

वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याखाली ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा आणि वापरण्याचा हक्क मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला तो २००९ साली मिळाला आणि त्यांनी पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. आमच्याकडे आदिवासी गावांना तो मागता येतो. बालाघाटावरच्या बिगर-आदिवासी गावांना मात्र १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तेथे राहून वनावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. तेवढे मागे गेले की आपण थेट निजामाच्या राज्यात पोहोचतो आणि कागद उर्दूत निघतात. म्हणून घाबरू नका, एखादा उर्दू वाचणारा जुना माणूस गाठा. वनखात्याच्या भागासाठी संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा मार्ग आहे. निव्वळ गायरानाला या दोन्हींचा उपयोग मर्यादित आहे. तेथे ग्रामसभेचा ठराव, मोजणी आणि सीमेवर दगड, हे तरी करून ठेवावे.

बालाघाटकर

मोजणीचा अर्ज या आठवड्यात देतो. उर्दू वाचणारे एक निवृत्त गुरुजी धारूरला आहेत, त्यांच्याकडे तलाठ्याच्या नकला घेऊन जाईन.

जाळरेषेबद्दल, म्हणजे आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्याबद्दल, एक ठरले आहे, ते सांगतो. आजवर आम्ही ती जानेवारीत काढायचो, गवत पूर्ण वाळल्यावर, आणि तेव्हा गावात तरुण माणूस नसायचा. यंदा बंद भागाभोवती पाच मीटर रुंदीचा पट्टा कोयते कारखान्याला निघण्याआधी, गवत अर्धे हिरवे असतानाच विळ्याने कापून काढणार आहोत. ते गवत वैरण म्हणून जाईल आणि माघात पट्ट्यावर फुटलेले तेवढे पुन्हा खरडावे लागेल, ते काकू आणि शाळेची मुले करू शकतील. वाडा_हलला, गायरानाचा पहिला भाग उघडण्याची ग्रामसभा दसऱ्यानंतरच्या रविवारी आहे. आपला वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, त्या सुमारास आमच्या शिवारात उतरणार असेल तर आपण सभेला यावे, म्हणजे मला शब्द फिरवता येणार नाही.

वाडा_हलला

येतो. त्या दिवसांत आम्ही केजच्या बाजूला असतो. मेंढरे बंद भागाच्या खाली, ओढ्याच्या अलीकडे बसवीन, काकूंना तसे सांगून ठेवा.